डीबीत एमसीबी बसवताना: पट्टीवर चढवण्यापासून लाईन चालू करण्यापर्यंत

डीबीत (घरातली सगळी सर्किटं जिथून फुटतात त्या पेटीत) नवीन एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) बसवायला वेळ फारसा लागत नाही. पट्टीवर अडकवली, वायर घातली, स्क्रू आवळले, खटका वर केला, दिवा लागला. पण दिवा लागला म्हणजे जोडणी नीट झाली असं नाही. सैल स्क्रूवरही दिवा लागतो, कमी जाडीच्या वायरवरही लागतो आणि न्यूट्रल भलत्याच लिंकवर (न्यूट्रलच्या वायरी एकत्र जोडायच्या पट्टीवर) गेला असेल तरीही लागतो. एमसीबीला फक्त तिच्यातून किती प्रवाह जातोय एवढंच कळतं. समजा २० अँपिअर चालू आहेत आणि एखाद्या सैल जोडाचा रोध फक्त ०.०५ ओहम आहे. त्या एवढ्याशा टोकावर २० वॉट उष्णता तयार होते. प्रवाह मर्यादेतच आहे, म्हणून एमसीबी चालू राहते आणि आत प्लास्टिक करपत जातं. हा दोष फक्त बसवणाऱ्याच्या हाताला टाळता येतो, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी टर्मिनलला दिली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बऱ्याच देशांत हे काम परवानाधारक वायरमननेच करायचं असतं. तुम्ही शिकाऊ असाल तर जाणकाराच्या देखरेखीखाली करा. घरमालक असाल तर निदान झालेलं काम तपासता यावं म्हणून वाचा. इथले आकडे २३०/४०० व्होल्टच्या एसी पुरवठ्यासाठी आणि तांब्याच्या वायरसाठी आहेत.

एमसीबी आत काय करते

एमसीबीत दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात. पहिली बायमेटलची पट्टी. लोड जास्त झाला की ती तापते, वाकते आणि खटका पाडते. हे काम सावकाश चालतं. घरगुती एमसीबीच्या आयईसी ६०८९८ या मानकानुसार मापाच्या (एमसीबीवर लिहिलेल्या अँपिअरच्या) १.१३ पट प्रवाहाला तिने तासभर पडायचं नाही आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडायचं. म्हणजे १६ अँपिअरची एमसीबी १८ अँपिअरवर तासभर शांत बसेल, आणि त्यात दोष काहीच नाही. 'सोळाच्या वर गेलं तरी पडली नाही, खराब आहे' असं म्हणून बदललेल्या कितीतरी एमसीबी खरं तर चांगल्या असतात.

दुसरी यंत्रणा म्हणजे कॉइल. शॉर्ट सर्किट झालं की ती चुंबकाच्या जोरावर तत्काळ खटका पाडते. मापाच्या किती पट प्रवाहाला पाडायचं ते एमसीबीवर मापाआधी लिहिलेलं अक्षर सांगतं: बी म्हणजे ३ ते ५ पट, सी म्हणजे ५ ते १० पट, डी म्हणजे १० ते २० पट. दिवे, गीझर अशा साध्या लोडला बी चालते. मोटर, पंप, कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर भरपूर प्रवाह ओढतात, तिथे सी लागते. डी मोठ्या ट्रान्सफॉर्मरसारख्या लोडसाठी असते. एमसीबी वारंवार पडते म्हणून बी काढून डी टाकणं हा उपाय मला अजिबात पसंत नाही, आणि त्यामागे हिशेब आहे. सी १६ तत्काळ नक्की पडायला १६० अँपिअर लागतात. २३० व्होल्टला एवढा प्रवाह वाहायचा तर फेजपासून अर्थिंगमार्गे परत जाणाऱ्या पूर्ण फेऱ्याचा रोध सुमारे १.४४ ओहमच्या आत हवा. डी १६ ला ३२० अँपिअर लागतात, म्हणजे रोध त्याच्या निम्मा हवा. अर्थिंग तेवढं चांगलं नसेल तर धातूच्या बॉडीत करंट उतरूनही एमसीबी वेळेत पडणार नाही.

समोरच्या बाजूला चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. शॉर्ट सर्किटचा किती अँपिअरपर्यंतचा प्रवाह ती न फुटता तोडू शकते, ते यावरून कळतं. ट्रान्सफॉर्मर जितका जवळ, तितका हा आकडा मोठा लागतो. आणि एसीची एमसीबी सोलर पॅनलच्या डीसी लाईनवर वापरू नका. एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे आतली ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येत नाही आणि ठिणगी तशीच पेटलेली राहू शकते.

आधी वायर, मग एमसीबी

एमसीबी वायरचं रक्षण करते. तिच्या पुढे जोडलेल्या उपकरणाची काळजी ती करत नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की माप निवडताना गोंधळ होत नाही. लोडपेक्षा एमसीबी मोठी आणि एमसीबीपेक्षा वायरची क्षमता मोठी, असा क्रम नेहमी राहिला पाहिजे. साधारणपणे दीडच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या) वायरला १० अँपिअर, अडीचच्या वायरला १६ किंवा २०, चारच्या वायरला २५ आणि सहाच्या वायरला ३२ अँपिअर अशी जोडी बसते.

हे आकडे मात्र पाठ करून थांबू नका. पीव्हीसी इन्सुलेशनची अडीचची वायर भिंतीवरच्या पाइपात एकटी असेल आणि हवा ३० अंश असेल, तर तिची क्षमता २४ अँपिअर धरतात. हवा ४० अंश झाली की ०.८७ ने गुणायचं. त्याच पाइपात तीन सर्किटं कोंबली असतील तर आणखी ०.७० ने. २४ × ०.८७ × ०.७० म्हणजे जेमतेम १४.६ अँपिअर. अशा ठिकाणी २० ची काय, १६ ची एमसीबीही जास्त झाली. एकाच पाइपात वायरी भरत जाण्याची सवय इथे महाग पडते. भर उन्हाळ्यात गच्चीखालच्या पाइपातल्या वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असतं.

हाताशी काय हवं

१००० व्होल्टचं इन्सुलेशन असलेले स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचं स्ट्रिपर, फेरूल (वायरच्या टोकावर बसणारी धातूची नळी) दाबायचं क्रिम्पिंग टूल, दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर, मल्टिमीटर, मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) आणि टॉर्क स्क्रू ड्रायव्हर (ठरवलेल्या जोरानेच स्क्रू आवळणारा). यातलं शेवटचं हत्यार नवशिक्यांना चैन वाटतं. मी म्हणेन, पैसे जमतील तेव्हा आधी तेच घ्या. 'हाताला अंदाज आहे' म्हणणाऱ्यांनी आवळलेले स्क्रू टॉर्क लावून तपासले की काही सैल निघतात आणि काही इतके जास्त आवळलेले असतात की आतले आटे गेलेले असतात.

खिशात अडकवायच्या निऑन टेस्टरवर 'लाईन गेली' हे ठरवू नका. भर उजेडात त्याचा दिवा दिसत नाही, रबरी चपला आणि कोरडी जमीन असेल तर तो नीट लागत नाही आणि न्यूट्रल तुटला आहे का तेही तो सांगत नाही.

लाईन बंद करा, मग बंद आहे हे सिद्ध करा

मेन स्विच पाडा, त्याला कुलूप लावा आणि 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवा. कुलूप नसेल तर दुसऱ्या माणसाला तिथे उभं करा. तुम्ही डीबीत हात घातलेला असताना 'लाईट का गेली' म्हणून कोणी येऊन खटका वर करणं हा नेहमीचा धोका आहे.

त्यानंतर तीन टप्प्यांत तपासा. आधी टेस्टर चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या लाईनवर लावून तो स्वतः चांगला आहे हे पाहा. मग डीबीत फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासा. शेवटी परत त्या चालू लाईनवर टेस्टर लावून पाहा, कारण मधल्या वेळात त्याचा सेल किंवा वायर गेली असेल तर 'शून्य' दिसेल आणि ते खोटं असेल.

दोन गोष्टी इथे हमखास विसरल्या जातात. डीबीतलाच आयसोलेटर (डीबीचा पुरवठा तोडणारा स्विच) पाडला असेल तर त्याच्या येणाऱ्या बाजूची टोकं अजूनही जिवंत आहेत. दुसरं म्हणजे इन्व्हर्टर, जनरेटर किंवा सोलर. मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आपणहून सुरू होतो आणि त्याच डीबीतल्या काही एमसीबींवर २३० व्होल्ट परत येतात. तो वेगळा बंद करा आणि पुन्हा तपासा.

पेटी आणि पट्टी

डीबीची पेटी लेव्हल लावून बसवा. वायरी जिथून आत येणार तिथले नॉकआउट (पत्र्यात फोडायला ठेवलेले गोल) तेवढेच फोडा आणि पत्र्याच्या कडेला ग्रोमेट (रबरी कडं) किंवा ग्लँड (केबल धरून ठेवणारं तोंड) लावा. कापलेल्या पत्र्याची धार वर्षानुवर्षं वायरच्या इन्सुलेशनवर घासत राहते. गिलावा किंवा ड्रिलिंग चालू असेल तर एमसीबी बसवायची घाई करू नका. सिमेंटची धूळ खटक्यात आणि टर्मिनलात जाते.

पेटी घेताना आजच्या गरजेपेक्षा पाचवा हिस्सा तरी जास्त जागा असलेली घ्या. एक पोलची (एकच तार तोडणारी) एमसीबी साधारण १८ मिलिमीटर रुंद असते, तिला एक मॉड्यूल म्हणतात. दोन पोलची दोन मॉड्यूल घेते, चार पोलची आरसीसीबी (गळती झाली की पडणारा खटका, पुढे सविस्तर येतो) चार. कागदावर ही मॉड्यूल मांडून पाहा: इनकमर (डीबीत येणारा पुरवठा चालू-बंद करणारा मुख्य खटका) एका टोकाला, त्याला लागून आरसीसीबी, मग मोठ्या मापाच्या एमसीबी आणि शेवटी लहान.

एमसीबी ३५ मिलिमीटर रुंदीच्या डिन रेलवर, म्हणजे पेटीतल्या धातूच्या पट्टीवर बसते. तिच्या पाठीला वर पक्की खाच असते आणि खाली स्प्रिंगची क्लिप. एमसीबी थोडी तिरपी धरून वरची खाच रेलच्या वरच्या कडेत अडकवा, मग खालची बाजू आत दाबा. 'टक' असा आवाज येतो. हाताने खाली-वर हलवून पाहा, ती रेलवरून सुटता कामा नये. काही बनावटींची क्लिप खाली ओढून धरावी लागते, त्यासाठी क्लिपच्या छिद्रात लहान स्क्रू ड्रायव्हर घालतात. काढताना तीच कृती उलट करायची. जोर लावून उपटली की क्लिप तुटते आणि ती एमसीबी पुन्हा कधी घट्ट बसत नाही.

खटका वर म्हणजे चालू, ही दिशा सगळीकडे सारखी ठेवा. रेलच्या दोन्ही टोकांना स्टॉपर लावा, नाहीतर वायरीच्या ओढीने पूर्ण रांग हळूहळू सरकते. सतत भरपूर लोड घेणाऱ्या एमसीबी एकमेकींना चिकटून बसल्या की एकीची गरमी दुसरीला लागते. तुमचं वातावरण ३० अंशांपेक्षा गरम असेल तर त्या मापापेक्षा आधीच पडू लागतात, कारण त्यांचं माप ३० अंशांना धरलेलं असतं. अशा दोघींच्या मध्ये अर्ध्या मॉड्यूलचा स्पेसर टाका, किंवा एखादी कमी लोडची एमसीबी बसवा.

वायर सोलणं आणि ओळीत लावणं

डीबीत आलेली वायर लगेच कापू नका. पेटीच्या आतून एक फेरी मारून टर्मिनलपर्यंत पोचेल एवढी लांबी ठेवा. पुढे कधी एमसीबीची जागा बदलली किंवा टोक जळालं, तर हीच शिल्लक उपयोगी पडते. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच नंबर द्या, आणि तोही सोलायच्या आधी. नंतर 'लक्षात आहे' म्हणत बसलं की फेज एका खोलीचा आणि न्यूट्रल दुसऱ्याच खोलीचा असं होतं.

किती सोलायचं ते एमसीबीच्या कुशीवर छापलेलं असतं, बहुधा १० ते १५ मिलिमीटरच्या आसपास. तांब्याला चीर पडली तर ते टोक कापून पुन्हा सोला. चिरलेली तार तिथेच तुटते. बारीक तारांच्या लवचिक वायरला फेरूल दाबून बसवा, म्हणजे तारा पसरत नाहीत आणि एखादी बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही. तारांना कथिल लावून कडक करायची पद्धत काही जण अजून वापरतात. स्क्रूच्या दाबाखाली कथिल हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत जोड सैल होतो, म्हणून ती सोडून द्या. ॲल्युमिनियमची केबल असेल तर ती थेट घालू नका, तिच्यासाठी बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं जोडटोक) वापरा.

टर्मिनल

एमसीबीचं टर्मिनल वरून पाहिलं तर एक चौकोनी तोंड दिसतं. आत धातूचा एक छोटा पिंजरा असतो आणि स्क्रू फिरवला की तो वर-खाली होतो. वायर पिंजऱ्याच्या आत जायला हवी. पण पिंजरा अर्धवट वर असेल तर त्याच्या मागे एक फट राहते, आणि वायर नेमकी त्या फटीत शिरते. स्क्रू आवळला की पिंजरा रिकामाच बंद होतो, हाताला मात्र घट्ट लागतं आणि बाहेरून काहीही वेगळं दिसत नाही. तांबं कशाला तरी टेकलेलं असतं, म्हणून लाईनही चालू होते. पंधरा दिवसांनी टर्मिनलपाशी काळा डाग पडतो, कधी त्याची उष्णता बायमेटलपर्यंत पोचून लोड नसतानाही एमसीबी पडते, आणि दोष एमसीबीच्या माथी जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी स्क्रू पूर्ण उघडा, पिंजरा तळाला गेला हे टॉर्चच्या उजेडात पाहा. वायर सरळ आत घाला, टोकाला टेकेपर्यंत. इन्सुलेशन पिंजऱ्याच्या तोंडाशी आलं पाहिजे, पण आत जाता कामा नये, आणि बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. मग स्क्रू आवळा. टॉर्क किती तो आकडा एमसीबीवर किंवा तिच्या कागदावर असतो, बऱ्याच बनावटींमध्ये तो २ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. तुमच्या एमसीबीवर जो छापलाय तोच पाळा. आवळून झालं की वायर धरून खरोखर ओढा. सुटली तर बरंच झालं, आत्ता कळलं.

एका टोकात दोन वायरी घालायचा मोह होतो. वेगवेगळ्या जाडीच्या दोन वायरी असतील तर जाड वायर घट्ट बसते आणि बारीक सैल राहते. बनावटीच्या कागदात परवानगी असेल तरच दोन घाला, त्याही सारख्या जाडीच्या. नाहीतर बसबार (रांगेतल्या एमसीबींना पुरवठा देणारी दात्यांची तांब्याची पट्टी) वापरा.

पुरवठा वरून द्यायचा की खालून? बऱ्याच एसी एमसीबी दोन्हीकडून चालतात, पण अंगावर लाईन आणि लोड असं छापलेलं असेल तर तेच पाळा. एका डीबीत सगळ्यांना एकाच बाजूने पुरवठा द्या, म्हणजे पुढच्या वायरमनला कोणतं टोक जिवंत आहे याचा अंदाज बांधावा लागणार नाही. एक पोलच्या एमसीबीतून कायम फेजच न्या. न्यूट्रल नेला तर खटका पाडूनही उपकरणात फेज तसाच उभा राहतो. दोन पोलची एमसीबी असेल तर एन लिहिलेल्या पोलवर न्यूट्रल, दुसऱ्यावर फेज.

जोडायचा क्रम मी असा धरतो: आधी सगळे अर्थ आपापल्या टोकाला अर्थ लिंकवर, मग न्यूट्रल, मग बाहेर जाणारे फेज, आणि सगळ्यात शेवटी येणारा पुरवठा. तोपर्यंत डीबीत एकही जिवंत तार येत नाही. अर्थ लिंकवर प्रत्येक वायरला वेगळा स्क्रू हवा. चार अर्थ पिळून एका स्क्रूखाली दाबले की एक काढताना बाकीचे तिन्ही सुटतात.

कॉम्ब बसबार

रांगेतल्या एमसीबींना फेज देण्यासाठी वायरचे तुकडे लूप करत नेण्यापेक्षा कॉम्ब बसबार चांगला. जोड कमी होतात, म्हणजे सैल होण्याच्या जागाही कमी. बसबार मापाने कापा, कडेची बारीक धार घासून काढा आणि कापलेल्या टोकाला एंड कॅप लावा. कॅप नसेल तर उघडं तांबं पेटीच्या पत्र्यापासून फार लांब नसतं.

सगळे दाते एकदमच पिंजऱ्यांत गेले पाहिजेत. एखाद्या एमसीबीचा पिंजरा पूर्ण उघडा नसेल तर तिचा दाता मागच्या फटीत जातो. म्हणून बसबार बसवल्यावर प्रत्येक स्क्रू वेगळा आवळा, आणि रांग संपल्यावर पहिल्या स्क्रूपासून परत एक फेरी मारा, कारण शेवटचे आवळताना बसबार जरा सरकतो. रिकाम्या दात्यांना इन्सुलेटेड टोप्या घाला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एमसीबी एका बसबारवर लावू नका. त्यांची टर्मिनलं खोलीला आणि उंचीला थोडी वेगळी असतात, मग दाता तिरपा बसतो.

न्यूट्रल आणि आरसीसीबी

आरसीसीबी एक साधी तुलना करते: फेजमधून जितका प्रवाह गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत आला का? ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी एवढ्या फरकाला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडलीच पाहिजे. प्रत्यक्षात ती त्याहून कमी फरकाला आणि लवकर पडते. माणसाला शॉक लागतो तेव्हा प्रवाह त्याच्या शरीरातून जमिनीत जातो, परत येत नाही, आणि हा फरक पडतो. एमसीबीला ते कळणं शक्यच नाही, कारण ३० मिलिअँपिअर तिच्या दृष्टीने काहीच नाही.

यातून एक कडक नियम निघतो. आरसीसीबीखालच्या फेजचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या न्यूट्रल लिंकवर गेला पाहिजे. डीबीत दोन आरसीसीबी असतील तर दोन वेगळ्या न्यूट्रल लिंक लावा आणि त्यांवर ठळक अक्षरांत एक-दोन लिहा. एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्याच्या लिंकवर गेला की लोड चालू करताच दोन्ही पडतात. नवशिके मग तासन् तास वायरीत गळती शोधत बसतात. आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थ कुठेही एकत्र झाला तरीही ती पडते. 'आरसीसीबी थांबत नाही, बायपास कर' असं कोणी सांगितलं तर आधी न्यूट्रल तपासा. दहापैकी बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

आरसीसीबीत ओव्हरलोडची यंत्रणा नसते. तिच्या मागे किंवा पुढे तिला झेपेल अशी एमसीबी हवीच. दोन्ही कामं एकाच डब्यात करणारी ती आरसीबीओ.

तीन फेजचा डीबी

इथे दोन गोष्टी सांभाळा. एक फेजची सर्किटं तिन्ही फेजवर सारखी वाटा. मोठे लोड आधी कागदावर वाटून घ्या, कारण एमसीबी बसल्यावर बदलणं जिवावर येतं. आणि मुख्य न्यूट्रल. तो सैल होऊन सुटला तर दोन फेजवरची उपकरणं ४०० व्होल्टमध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या फेजवर लोड कमी त्या फेजवर व्होल्टेज चढतं, टीव्ही आणि चार्जर जळतात आणि एकही एमसीबी पडत नाही. म्हणून या डीबीत मुख्य न्यूट्रलचा जोड सगळ्यात शेवटी परत एकदा टॉर्क लावून पाहा.

चालू करण्याआधी

आत पडलेले तारेचे तुकडे ब्रशने काढा. अर्थ लिंकपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थपर्यंत सलगता मल्टिमीटरने तपासा. मग मेगर. इलेक्ट्रॉनिक उपकरणं आणि सर्ज प्रोटेक्टर जोडलेले असतील तर ते सोडवा, ५०० व्होल्ट डीसी त्यांना सोसत नाही. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांमध्ये किमान १ मेगाओहम यायला हवा. नव्या वायरिंगला तो शेकड्यांत येतो, म्हणून नव्या कामात २ मेगाओहम दिसले तर 'पास झालं' म्हणून पुढे जाऊ नका, कुठेतरी ओल किंवा चिमटलेली वायर आहे.

समोरचं कव्हर बसवा आणि रिकाम्या मॉड्यूलच्या जागी ब्लँक प्लेट लावा. उघड्या फटीतून बोट थेट बसबारपर्यंत पोचतं, लहान मुलाचं तर सहजच.

सगळ्या एमसीबी खाली ठेवून मुख्य पुरवठा सुरू करा. इनकमरवर व्होल्टेज मोजा, मगच तो वर करा. आरसीसीबी वर करून टेस्ट बटण दाबा, ती लगेच पडली पाहिजे. हे बटण फक्त तिची यंत्रणा तपासतं, अर्थिंग नीट आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी लूप टेस्टर (फेज ते अर्थ अशा पूर्ण फेऱ्याचा रोध मोजणारं मीटर) लागतो. यानंतर एकेक एमसीबी वर करा आणि प्रत्येक वेळी त्याच खोलीत लाईन आली का ते जाऊन पाहा. सॉकेटवर फेज उजवीकडे-डावीकडे उलटा झाला नाही ना, तेही तेव्हाच तपासा. लोड तासभर चालल्यावर क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजा, आणि थर्मल कॅमेरा मिळाला तर कव्हर काढून एक फोटो घ्या. कव्हर काढायचं काम अनुभवी माणसाने, योग्य हातमोजे घालून करावं. शेजारच्यांपेक्षा जास्त गरम दिसणारं टर्मिनल म्हणजे बहुतेक वेळा सैल टर्मिनल.

कव्हरच्या आत सर्किटांचा तक्ता चिकटवा: नंबर, कुठलं सर्किट, एमसीबीचं माप, वायरची जाडी. वायरची जाडी लिहायला विसरू नका. पुढे कोणी १६ काढून ३२ टाकायला निघाला तर त्याला थांबवणारी ती एकच ओळ असते.

आणि पुढे एमसीबी पडली तर? काही बनावटींमध्ये खटका मधेच अडकतो. आधी तो पूर्ण खाली दाबा, मग वर करा. लगेच पडली तर शॉर्ट आहे, पुन्हा वर करू नका, त्या सर्किटवरची उपकरणं काढून मेगर लावा. दहा-वीस मिनिटांनी पडली तर लोड जास्त आहे किंवा टर्मिनल गरम होतंय. लाईन बंद करून ते दोन स्क्रू तपासा, पिंजऱ्याच्या कडेला पिवळसर डाग असेल तर एमसीबी बदला आणि वायरचं करपलेलं टोक कापून नवीन सोला.